मूळ फोटो कुठे आहे?

काशीगावात हल्ली घरटी एक तरी छायाचित्रकार सापडतो. कारखान्यातून सुटलेला मुलगा, कॉलेजला जाणारी मुलगी, खिशातला मोबाईल काढून खाडीवरचा सूर्यास्त, नाक्यावरची गर्दी, डोंगराच्या कडेचा पक्षी टिपतात. त्यातले काही फोटो खरोखरच स्पर्धेच्या तोडीचे असतात. पोरे ते पाठवतातही. परंतु आयोजकांकडून "मूळ फाइल पाठवा" असे कळले की सारी धावपळ सुरू होते.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाचे असेच झाले. रात्रपाळी संपवून घरी येताना पहाटे काढलेला त्याचा फोटो अंतिम फेरीत पोहोचला. पण मोबाईलमध्ये जागा उरली नाही म्हणून त्याने मूळ फोटो केव्हाच पुसला होता. मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत तेवढी शिल्लक होती. फोटो त्याचाच, नजरही त्याचीच. नाव मात्र यादीतून गेले. यात आयोजकांना आम्ही दोष देत नाही. जात पडताळणीच्या खिडकीशी उभे राहिलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. झेरॉक्स कितीही स्वच्छ असो, शेवटी मूळ दाखलाच मागतात.

पूर्वी स्टुडिओवाला नेगेटिव्ह जपून ठेवी. आजची नेगेटिव्ह म्हणजे कॅमेऱ्याने तयार केलेली पहिली फाइल. तिच्या पोटात एक नोंदवही असते, तिला एक्झिफ म्हणतात. कोणता कॅमेरा, कोणती तारीख, किती वाजता, किती उजेड आत घेतला आणि चालू असेल तर ठिकाणसुद्धा, हे सारे तिथे लिहिलेले असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की चित्र लहान होते आणि ही नोंदवही गळून पडते. स्क्रीनशॉटमध्ये तर ती नसतेच.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. ज्या जंगलाची उत्तरेकडची कड आपल्या काशीगावच्या बाजूला येते, त्याच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आरे कॉलनी आहे. तिथल्या वारली पाड्याच्या गल्लीतून रात्री जाणारा बिबट्या मुंबईच्या नयन खानोलकर यांनी टिपला आणि २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळवले. या स्पर्धेत अंतिम फेरीत आलेल्यांकडून मूळ फाइल मागवतात.

का मागवतात, ते पुढच्याच वर्षी दिसले. २०१७ साली ब्राझीलच्या मार्सिओ काब्राल यांच्या रात्रीच्या फोटोला तिथेच पारितोषिक मिळाले. वारुळाशी आलेला मुंगीखाऊ प्राणी त्यात होता. मग तक्रार आली, की हा तर उद्यानाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेला पेंढा भरलेला प्राणी आहे! काब्राल यांनी आधीच्या आणि नंतरच्या मूळ फाइली दिल्या, पण त्यांपैकी एकीतही तो प्राणी नव्हता. त्यांनी आरोप नाकारला, तरी तज्ज्ञांनी दोन्ही प्राणी ताडून पाहिले आणि एप्रिल २०१८ मध्ये पारितोषिक काढून घेतले गेले. म्हणून निवडलेला एकच फोटो ठेवून भागत नाही. त्याच्या मागचे-पुढचे, हललेले, फसलेले फोटोही ठेवावेत. एक्झिफची तारीख संगणकावर बदलता येते. ओळीने काढलेले दहा फोटो बनवणे मात्र अवघड.

वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत २०१५ साली उपान्त्य फेरीतली २० टक्के छायाचित्रे मूळ फाइलशी ताडल्यावर बाद झाली. थोडा उजेड वाढवणे बहुतेक ठिकाणी चालते. नको असलेला खांब पुसून टाकणे चालत नाही. प्रत्येक स्पर्धेचे नियम निराळे असतात, ते आधी वाचावेत.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. मोबाईलमध्ये रॉ फाइलची सोय असेल तर ती चालू ठेवावी. नसेल तर हात न लावलेला पहिला फोटोही अनेक ठिकाणी चालतो. फोटोत बदल करायचे तर 'प्रत म्हणून सेव्ह' करावे, नाहीतर काही मोबाईलमध्ये मुळावरच लिहिले जाते. पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो जसाच्या तसा जातो. गूगल फोटोजमध्ये 'मूळ दर्जा' निवडावा. जागा लवकर भरेल, हे खरे. पण एक पेन ड्राइव्ह आपल्या घरी आणि दुसरी मावशीच्या नाहीतर काकाच्या घरी ठेवली तर पाण्यात भिजले, चोरी झाली, तरी एक प्रत उरते. कॅमेऱ्याचे घड्याळही तपासावे. बॅटरी काढल्यावर काही कॅमेऱ्यांत ते चुकीची तारीख दाखवते आणि खरा फोटो खोटा ठरायची वेळ येते.

मुलींच्या पालकांना एक सांगायचे आहे. मूळ फाइलमध्ये घराचे ठिकाण असू शकते. ती घरातच ठेवावी; चारचौघांत पाठवायच्या प्रतीतून ठिकाण काढून टाकावे. आणि जुना मोबाईल विकायला किंवा धाकट्याला द्यायला काढाल, तेव्हा त्यातले फोटो आधी तारे वापरून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, एकदोन उघडून पाहावेत, मगच मोबाईल रिकामा करावा.