मॅजिस्ट्रेटचा हात कुठवर पोचतो?

पेणजवळच्या जोह्याच्या कारखान्यांत गणपतीचे काम जवळजवळ बारा महिने चालते. मूर्ती साच्यातून निघते, घासली जाते, रंगते, शेवटी डोळ्यांची आखणी होते आणि पेणचा गणपती म्हणून मुंबई-पुण्याच्या बाजारात जाते. व्यापारी थोडी रक्कम आगाऊ देतो, उरलेल्या रकमेचा चेक देतो. अनंत चतुर्दशी उलटल्यावर तो चेक बँकेतून परत आला, तर कारखानदाराला पेणच्या कोर्टाची पायरी चढावी लागते. त्याच गावात शेताच्या बांधावरून दोन भावकींत जुंपायची वेळ आली, की पोलीस दोन्हीकडच्या माणसांना पेणच्याच तहसील कचेरीत नेऊन उभे करतात. कोर्टात न्यायाधीश बसतात, कचेरीत तहसीलदार. कायद्याच्या लेखी दोघेही दंडाधिकारी. पण पहिला गुन्ह्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा देऊ शकतो, दुसरा एका दिवसाचीही देऊ शकत नाही. आणि तरीही त्याच्या सहीने माणूस तुरुंगात जाऊ शकतो. हा फरक ठाऊक नसल्यामुळे माणसे भलत्या दारात हेलपाटे घालतात, आणि जिथे ठामपणे बोलायला हवे तिथे गप्प उभी राहतात.

आधी कोर्टाकडे पाहू. तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ही दोन्ही पदे बहुधा एकाच व्यक्तीकडे असतात. वाटणीचा दावा ऐकणारे न्यायाधीशच मारहाणीचा खटलाही चालवतात. वकील मंडळी त्यांना सरसकट 'जेएमएफसी' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिच्या कलम २३ प्रमाणे प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याला जास्तीत जास्त ३ वर्षे कैद, ५० हजार रुपये दंड, दोन्ही किंवा समाजसेवा एवढी शिक्षा देता येते. द्वितीय वर्गाची मर्यादा १ वर्ष आणि १० हजार. जिल्ह्याला एक मुख्य न्यायदंडाधिकारी असतो, आपल्या रायगड जिल्ह्यात अलिबागला. त्याला ७ वर्षांपर्यंतची कैद देता येते. फाशी व जन्मठेप त्याच्या हातात नाही. त्याच्या वर सत्र न्यायाधीश. तो कायद्यातली कोणतीही शिक्षा देऊ शकतो, मात्र फाशीवर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागते.

१८९८ च्या संहितेत याला तीन पायऱ्या होत्या. पहिल्या वर्गाला २ वर्षे व १ हजार रुपये, दुसऱ्याला ६ महिने व २०० रुपये, तिसऱ्याला १ महिना व ५० रुपये. १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली आणि तिसरा वर्ग गेला. नव्या संहितेने मुंबईसारख्या शहरांतले महानगर दंडाधिकारीही संपवले. फोर्टातले न्यायदंडाधिकारी आणि पेणचे न्यायदंडाधिकारी आता एकाच वर्गाचे आहेत.

समाजसेवा ही शिक्षा म्हणून नवी आहे. समजा, कारखान्यातून कुणी रंगाचे दोन डबे पळवले. माल ५ हजारांच्या आतला आहे, चोर पहिल्यांदाच दोषी ठरतो आहे आणि त्याने माल परत केला. अशा माणसाला नवा कायदा तुरुंगात पाठवत नाही, त्याला बिनमोबदला समाजोपयोगी काम करायला लावतो. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणे, बदनामी अशा मोजक्या गुन्ह्यांतही ही सोय आहे. कोणते काम, किती दिवस, त्यावर देखरेख कुणाची, हे संहितेत नाही. ते नीट ठरले नाही तर ही चांगली तरतूद कागदावरच राहील, अशी मला काळजी वाटते.

मर्यादेचा खरा गुंता पुढे आहे. फसवणुकीच्या गंभीर प्रकाराला, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'चारशेवीस'ला, ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खटला मात्र प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यापुढेच चालतो, आणि त्याचा हात तीन वर्षांवर थांबतो. गुन्ह्याची कमाल शिक्षा आणि न्यायालयाची कमाल ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सात वर्षांचे कलम लागले' हे ऐकून घरच्यांच्या पायाखालची वाळू सरकते, तेव्हा वकिलाने पहिल्यांदा हेच सांगायला हवे. अर्थात तीन वर्षांत भागणार नाही असे दंडाधिकाऱ्याला वाटले, तर तो आपले मत नोंदवून आरोपीसह कागद मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. शिवाय एकाच खटल्यात अनेक गुन्हे शाबीत झाले आणि शिक्षा एकामागून एक भोगायची असली, तर एकूण कैद त्याच्या मर्यादेच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ६ वर्षांपर्यंत जाऊ शकते.

चेकच्या प्रकरणात ५० हजारांची मर्यादा आडवी येत नाही. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड आहे, आणि २००२ च्या दुरुस्तीनंतर दंडाधिकाऱ्याला नेहमीच्या मर्यादेपलीकडे दंड करता येतो. तीन लाखांचा चेक परतला तर दंड सहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीमुळे आणखी एक अडचण दूर झाली: चेक आपल्या खात्यात भरला असेल तर आपली बँक शाखा जिथे आहे तिथल्या कोर्टात फिर्याद होते. व्यापारी परळचा असो की पुण्याचा, पेणला खाते असलेल्या कारखानदाराला पेणमध्येच फिर्याद लावता येते. तारखा मात्र काटेकोर पाळाव्या लागतात. चेक परतल्याचे बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते उलटल्यावर महिन्याभरात फिर्याद. 'शेठ ओळखीचे आहेत, देतील' म्हणत थांबलेल्या माणसाचा हक्क या तारखांत बुडतो. उशिराचे सबळ कारण पटले तरच कोर्ट फिर्याद घेते.

शिक्षेच्या आकड्यांवरून न्यायदंडाधिकाऱ्याचे मोठेपण मोजले, तर त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम नजरेतून सुटते. खून झाला तरी आरोपी पहिल्यांदा उभा राहतो तो बहुधा तालुक्याच्या दंडाधिकाऱ्यापुढे. खुनाचा खटला तो चालवू शकत नाही. दोषारोपपत्र आले की तो प्रकरण सत्र न्यायालयाकडे सोपवतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात स्त्री, बालक, आजारी असे अपवाद सोडले तर जामीनही देऊ शकत नाही. पण अटकेपासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला त्याच्यापुढे आणावेच लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेली ही हमी आहे. त्या वेळी दंडाधिकारी विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?' प्रश्न दोन सेकंदांचा. मागे पोलीस उभे असतात, आरोपी खाली पाहून मान हलवतो आणि रोजनाम्यात 'तक्रार नाही' अशी नोंद पडते. पोलीस कोठडीत मार खाल्लेल्या माणसाला पुढे काही म्हणायचे असेल, तर या दोन सेकंदांत त्याने बोलायला हवे. दंडाधिकारी वैद्यकीय तपासणीचा हुकूम देऊ शकतात, कोठडी नाकारू शकतात. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची. नव्या संहितेत ती सलगच घ्यावी असे नाही, सुरुवातीच्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यांनी मागता येते. म्हणून रिमांडचा प्रत्येक अर्ज नीट वाचणारा दंडाधिकारी आता पूर्वीपेक्षाही गरजेचा आहे. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामीन मागण्याचा आरोपीला हक्कच मिळतो. कबुलीजबाब नोंदवणे, ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही तर तपासाचा आदेश देणे, बायको-मुलांची पोटगी ठरवणे ही कामेही त्याचीच.

आता तहसील कचेरी. तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी, प्रांत उपविभागीय दंडाधिकारी आणि अलिबागचे कलेक्टर जिल्हा दंडाधिकारी. यांचे काम झालेल्या गुन्ह्याची शिक्षा करण्याचे नाही, होऊ घातलेली गडबड थांबवण्याचे आहे. जमावबंदी, म्हणजे जुने कलम १४४ व आताचे १६३, यांच्या सहीने निघते. जमिनीच्या ताब्यावरून शांतता बिघडत असेल तर तूर्त ताबा कुणाचा, हेही हेच ठरवतात. आणि गावाला सर्वांत परिचित म्हणजे 'चॅप्टर केस'. भांडण होईल असे पोलिसांनी कळवले, की शांतता राखण्याचे बंधपत्र मागितले जाते, जास्तीत जास्त एका वर्षासाठी. बंधपत्राचा आदेश झाल्यावर ते दिले नाही, तर ते देईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत तुरुंग.

एकाच हातात राज्यकारभार आणि न्याय असला की काय होते, हे आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्यानंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला. त्या हल्ल्याच्या खटल्यात जून महिन्यात पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली ती जिल्हा मॅजिस्ट्रेटने. डिसेंबरमध्ये सत्याग्रह पुन्हा उभा राहिला तेव्हा तो पुढे ढकला अशी विनंती करायला आला तोही जिल्हा मॅजिस्ट्रेट. सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता, आणि तो वाद १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने संपला. जूनचा निकाल न्यायाचाच होता. पण जिल्ह्याचे वरिष्ठ अधिकारी सवर्ण हिंदू असते तर न्याय मिळाला नसता, असे बाबासाहेबांनीच म्हटले होते. अधिकारी कोण यावर न्याय अवलंबून असणे, हेच त्या व्यवस्थेचे दुखणे होते.

महाडनंतर तीन वर्षांनी, २५ सप्टेंबर १९३० ला, याच जिल्ह्यातल्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. पोलिसांबरोबर आलेले मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मारले गेले. त्या काळचा मामलेदार सारा वसूल करी, बंदोबस्ताला उभा राही आणि मॅजिस्ट्रेट म्हणून लहान खटल्यांत शिक्षाही देई.

ही गाठ मुंबई राज्याने लवकर सोडवली. घटनेच्या अनुच्छेद ५० ला अनुसरून १९५१ मध्ये कायदा झाला, १९५३ पासून न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली गेले. सगळ्या देशाला हे १९७४ मध्ये मिळाले. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे, आणि शाळेच्या पुस्तकात तिला जागा हवी होती.

तरी काम अर्धेच झाले. चॅप्टर केस अजून कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडेच आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तर हे अधिकार पोलीस अधिकारीच वापरतात. पनवेल आणि उरण नवी मुंबई आयुक्तालयात येतात, पेण येत नाही. म्हणजे एकाच रायगड जिल्ह्यात पेणच्या माणसाला निदान महसूल खात्याचा अधिकारी तरी भेटतो, पनवेलच्या माणसाला मात्र अहवाल देणारा आणि तो तपासणारा एकाच खात्यातला. नव्या संहितेच्या कलम १५ ने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमण्याची मुभा राज्याला दिली आहे. १९५३ मध्ये जी रेघ आखली, ती इथे पुसट होते आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

चॅप्टरची नोटीस आली तर सही करून मोकळे होण्याची घाई करू नये. पोलिसांनी काय कळवले याचा सारांश आदेशात लेखी असायला हवा; नसेल तर तो मागावा. वकील देण्याचा, साक्षीदार तपासण्याचा हक्क इथेही आहे. चौकशी सहा महिन्यांत संपायला हवी. दंडाधिकाऱ्याने विशेष कारणे नोंदवून ती वाढवली नाही, तर ती तिथेच बंद होते. आणि बंधपत्र द्यायला लावणाऱ्या आदेशाविरुद्ध अपील ऐकते ते सत्र न्यायालय, तहसीलदारांचे वरिष्ठ नव्हेत.