रात्री दहा ते सकाळी सहा

दशांश संख्यांच्या रेंजकडे या आठवड्यात वळायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या मंगळवारी घेऊ, कारण मध्येच एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो इतका सुरेख आहे की त्याला संपूर्ण लेख द्यायलाच हवा.

ते औषधांची आठवण करून देणारं अ‍ॅप लिहीत आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा फोन वाजू नये, म्हणून कोटलिनमध्ये त्यांनी ‘तास इन २२..६’ अशी अट घातली. तरी फोन मध्यरात्री वाजतोच.

गेल्या वेळी पाहिलं, की रेंजमधली तपासणी म्हणजे दोन तुलना, आणि दोन्ही खऱ्या ठरायला हव्यात. इथे तास २२ किंवा त्याहून जास्त हवा आणि त्याच वेळी ६ किंवा त्याहून कमी हवा. असा तास घड्याळात नाही. रेंज रिकामी आहे, म्हणून उत्तर कायम ‘नाही’. कोटलिन अशी रेंज मुकाट्याने चालवून घेतं. स्विफ्टमध्ये २२...६ ही रेंज तयार होतानाच अ‍ॅप बंद पडतं. मला स्विफ्टचा हा कडकपणा मनापासून आवडतो. चूक पहिल्याच चाचणीत समोर येते.

आता खरी गंमत. अँड्रॉइड स्टुडिओ अशा रिकाम्या रेंजवर इशारा देतो आणि विचारतो, तुम्हाला ‘डाउनटू’ म्हणायचं होतं का? त्याचं ऐकून ‘२२ डाउनटू ६’ लिहिलं, की इशारा जातो. पण ही यादी २२, २१, २० अशी उतरत ६ पर्यंत येते. म्हणजे नेमका दिवस! फोन दिवसभर गप्प आणि रात्री अकरा वाजता सुरू.

मुळात संख्यारेषा सरळ जाते, घड्याळ फिरून परत येतं. तेव्हा ‘तास कुठे आहे’ असं न विचारता ‘सुरुवातीपासून किती तास उलटले’ असं विचारा. (तास − सुरुवात + २४) % २४ म्हणजे उलटलेले तास, आणि (शेवट − सुरुवात + २४) % २४ म्हणजे एकूण लांबी. पहिलं दुसऱ्यापेक्षा कमी असेल, तर गप्प बसायचं. इथे लांबी ८. रात्री दोनला ४ तास उलटले, आत. सकाळी सहाला ८, बाहेर. रात्री नऊला २३, बाहेर.

ते २४ मिळवणं गाळू नका. कोटलिन, जावा, स्विफ्ट या तिन्हींत ऋण संख्येची बाकी ऋणच येते. रात्री नऊला −१ मिळेल, ते ८ पेक्षा कमी. दहाच्या आधीच्या प्रत्येक तासाला असंच होईल आणि फोन दिवसभर गप्प राहील. कोटलिन १.५ पासून ‘मॉड’ हे फंक्शन आहे. २४ ने भागताना ते ऋण बाकी देत नाही.

मिनिटंही हवी असतील, तर वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत मोजा आणि २४ च्या जागी १४४० घ्या. आणि सुरुवात व शेवट सारखेच निवडले तर? सूत्र लांबी शून्य देतं. माणसाच्या मनात कदाचित पूर्ण दिवस असेल. हा निर्णय सूत्रावर सोडू नका, सेटिंगच्या पडद्यावर स्पष्ट विचारा. अ‍ॅप औषधांचं आहे.