बंगळुरूहून फिरत्या घराची तजवीज

आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची उंच छताची ट्रॅव्हलर फिरत्या घरासाठी मला सर्वांत योग्य वाटते. मात्र आसने काढून शय्या व ओटा बसविण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये आर. टी. ओ.च्या दप्तरी फेरफाराची रीतसर मंजुरी घ्यावी, कारण तिच्यावाचून विम्याचा दावा टिकणे कठीण.

खरी कसोटी विजेची. 12.8 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज साठते. छोटा फ्रिज, पंखा व दिवे मिळून दिवसाला साधारण एक युनिट खर्ची पडते, आणि तेवढी वीज 300 वॉटचे सौर पॅनेल निरभ्र उन्हात भरून देते. परंतु जुलैत, सकलेशपूरच्या घाटात, आकाश सतत मेघाच्छादित असताना मुक्काम लांबला, तर केवळ सूर्यावर भिस्त ठेवणे व्यर्थ असल्याने, धावत्या इंजिनाच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर मी अपरिहार्य मानतो. बॅटरीनजीक फ्यूज हवाच, बंगळुरूच्या एस. पी. रोडवरील बाजारात तो सहज मिळतो.

पाण्याचे वजन लिटरमागे एक किलो, म्हणून टाकी खाली, चाकांच्या आसाजवळ बसवावी. गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी. आणि वायनाडला बंदीपूरमार्गे निघालेल्यांनी हे ध्यानी ठेवावे की, रात्री 9 ते सकाळी 6 तो रस्ता खासगी वाहनांस बंद असतो.