कुरणशाळेतला शिक्षक

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ नंतर शिक्षकाला ‘सुलभक’ म्हणण्याची रीत रुळली. या बदलाचे मूळ मला कोसबाडच्या टेकडीवर दिसते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेले बालशिक्षणाचे काम अनुताई वाघ यांच्या साथीने पुढे कोसबाडला गेले. तिथली आदिवासी मुले दिवसभर गुरे राखत. म्हणून शाळाच कुरणात नेली गेली. पाने, बिया, खडे हीच साधने झाली. मूल हाताळते, मोजते, विचारते. शिक्षकाने ते टिपून पुढचा प्रश्न योजायचा. हे काम व्याख्यानाहून कठीण आहे. त्यासाठी निरीक्षणाची सवड लागते. भरलेला वर्ग आणि अशैक्षणिक कामांचे ओझे तसेच ठेवून शिक्षकाला नुसते नवे नाव देणे मला अपुरे वाटते.