मिशिगनने गाळलेला एक शब्द

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या कार-विक्री कायद्यात 2014 सालापर्यंत एक छोटा शब्द होता. मोटार कंपनीने नव्या गाड्या ग्राहकाला थेट विकू नयेत, ‘आपल्या’ डीलरमार्फत विकाव्यात, असा त्या कलमाचा आशय होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर रिक स्नायडर यांनी एका दुरुस्तीवर सही केली आणि ‘आपल्या’ हा शब्द गळाला. तो होता तोवर एक युक्तिवाद करता येत होता, की ज्या कंपनीने कधी डीलर नेमलेच नाहीत, तिला हे बंधन लागू कसे होणार? शब्द गेला आणि ती वाट बंद झाली. डीलर न नेमता स्वतःच्या दुकानांतून गाड्या विकणाऱ्या टेस्लाला राज्याचे दार लागले. राज्यातल्या कार डीलरांच्या संघटनेचा या दुरुस्तीला पाठिंबा होता, आणि जनरल मोटर्सनेही तिची उघड बाजू घेतली होती. एरवी ज्या कंपन्यांच्या अरेरावीविरुद्ध डीलर एकत्र येतात, त्यांपैकी सर्वांत मोठी कंपनी या वेळी डीलरांच्याच रांगेत उभी होती. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेच्या जवळपास प्रत्येक राज्यात नव्या गाड्या विकणाऱ्या डीलरांची अशी संघटना आहे. नोंदणीची कागदपत्रे आणि बदलते नियम सभासदांना समजावून देणे, विमा योजना चालवणे, मेकॅनिकचे काम शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या देणे, ही तिची रोजची कामे. ती उपयोगाची आहेत आणि त्यांविषयी कुणाची तक्रार नसते. पण संघटनेचे खरे वजन दिसते ते राज्याच्या राजधानीत. मोटार कंपनी आणि डीलर यांच्यातले नाते ठरवणारे कायदे मुख्यतः राज्यांचे असल्यामुळे विधिमंडळात कोणते विधेयक येते, त्यात कोणता शब्द राहतो आणि कोणता जातो, यावर डीलरचा धंदा ठरतो. देशपातळीवरच्या संघटनेचा जन्मही असाच झाला. 1917 साली गाड्यांवर पाच टक्के कर येऊ घातला होता, तेव्हा तीस डीलर वॉशिंग्टनला जाऊन संसद सदस्यांना भेटले आणि तो तीन टक्क्यांवर आणून परतले.

दोन व्यापाऱ्यांच्या करारात सरकारने पडावेच कशाला, असे विचारणारे अर्थतज्ज्ञ पुष्कळ आहेत. त्यांना उत्तर 1920-21 च्या मंदीत मिळते. फोर्ड कंपनीला रोकड हवी होती आणि गाड्या खपत नव्हत्या. कंपनीने न मागितलेल्या गाड्या डीलरांच्या माथी मारल्या आणि पैसे रोख मागितले. नाही म्हणावे तर डीलरशिप जाण्याची भीती, म्हणून गावोगावच्या डीलरांनी स्थानिक बँकांतून कर्जे काढून कंपनीची रोकड उभी केली. ज्याने जागा, इमारत, अवजारे, माणसे यांत पैसा एकाच कंपनीच्या नावावर गुंतवला आहे, त्याला ‘पटत नसेल तर सोडून जा’ असे म्हणण्यात काही अर्थ नसतो. त्याचा पैसा त्या पाटीखाली अडकलेला असतो. करारावर सह्या दोघांच्या असल्या तरी अटी एकाच्याच होत्या. विस्कॉन्सिनने 1937 साली याविरुद्ध पहिला कायदा केला. 1956 साली संघराज्याच्या कायद्याने, कंपनी सचोटीने वागली नाही तर तिला न्यायालयात खेचण्याचा हक्क डीलरला दिला. हळूहळू सगळ्या राज्यांनी सबळ कारणाशिवाय डीलरशिप काढून घेण्यावर बंधने घातली. ही गरज अजून संपलेली नाही. 14 मे 2009 रोजी दिवाळखोरीत गेलेल्या क्रायस्लरने 789 डीलरांशी करार तोडण्याचा निर्णय कळवला, आणि 9 जूनपासून तो अमलात आला. पिढ्यान्‌पिढ्यांचे धंदे आवरायला चार आठवडेही मिळाले नाहीत. दिवाळखोरीच्या न्यायालयापुढे राज्यांचे कायदे टिकले नाहीत. अखेर डीलरांच्या दबावामुळे त्याच डिसेंबरात संसदेने त्यांना लवादाकडे जाण्याचा हक्क दिला. पुढच्या वर्षी सरकारी मदतनिधीवर देखरेख ठेवणाऱ्या विशेष महानिरीक्षकांनी, इतक्या घाईने शोरूम बंद करताना रोजगाराचा पुरेसा विचार झाला नाही, असा ठपका ठेवला. संघटना नसती तर हे 789 जण एकेकटे भांडत बसले असते.

म्हणजे ही ढाल न्याय्य आहे. मात्र ती कंपनीच्या दिशेने धरण्यासाठी दिलेली आहे. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये हेच स्पष्ट केले. टेस्लाने नेटिकच्या मॉलमध्ये दुकान थाटल्यावर राज्याची डीलर संघटना न्यायालयात गेली होती. कायदा डीलरला त्याच्याच कंपनीच्या अन्यायापासून वाचवण्यासाठी आहे, ज्या कंपनीशी त्याचा संबंधच नाही तिच्या स्पर्धेपासून वाचवण्यासाठी नाही, असे सांगून न्यायालयाने दावा फेटाळला. टेस्लाने कुणाही डीलरच्या माथी गाड्या मारल्या नव्हत्या, कुणाचा करार तोडला नव्हता. फोर्डने स्वतःच्या डीलरच्या शेजारी स्वतःचे दुकान काढले तर तो विश्वासघात ठरेल, कारण त्या डीलरने फोर्डच्या शब्दावर पैसा ओतला आहे. नव्या कंपनीचे दुकान ही स्पर्धा झाली. महिन्याभराच्या अंतराने मॅसॅच्युसेट्सने हा भेद जपला आणि मिशिगनने एक शब्द गाळून तो पुसला.

डीलरांचे म्हणणे असे, की एकाच गाडीसाठी चार डीलर चढाओढ करतात म्हणून ग्राहकाला सवलत मिळते. कंपनी एकटी विकू लागली तर भाव तिचाच. यात तथ्य आहे. पण त्याच कायद्यांनी ही चढाओढही आखडती ठेवली आहे. कॅलिफोर्नियात दहा मैलांच्या आत त्याच कंपनीचा नवा डीलर येऊ लागला, तर जुना डीलर हरकत घेऊन त्याला अडवून धरू शकतो, आणि 1978 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. दुसरे म्हणणे देखभालीचे. विकून झाल्यावर गाडीला वाली कोण? ही चिंता खरी आहे, पण मिशिगनमधल्या टेस्ला मालकांचा अनुभव उलटा होता. राज्यात सेवा केंद्राला परवानगी नसल्याने दुरुस्तीसाठी त्यांना शेजारच्या राज्यात जावे लागे. जानेवारी 2020 मध्ये तडजोड होऊन हे थांबले. सेवेची काळजी असेल तर विक्रीच्या परवान्याला सेवा केंद्राची अट जोडावी. ती कुठल्याही विधिमंडळाला जोडता येईल. तिसरे म्हणणे गावातल्या रोजगाराचे. ते सर्वांत जिव्हाळ्याचे आहे, कारण लहान शहरात डीलर हा मोठा मालक असतो. पण कंपनीच्या दुकानातही माणसेच कामाला असतात, आणि एका पद्धतीचा रोजगार टिकवण्यासाठी दुसरी पद्धत बेकायदा करायची ठरवली, तर टेक्ससमध्ये झाले तसे होते. ऑस्टिनजवळ टेस्लाचा अवाढव्य कारखाना 2022 मध्ये सुरू झाला, तरी त्या राज्यातल्या माणसाला तिथे बनलेली गाडी कागदोपत्री परराज्यातून घेतल्यासारखी घ्यावी लागते.

आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे. इथे दारे उघडी आहेत, आणि ढालच नाही. जनरल मोटर्सने मे 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी धडधडत राहिला, पण डीलरांकडे विकायला काही उरले नाही. भरपाई किती, हे करारपत्र आणि कंपनीची मर्जी यांवर ठरत गेले. 2021 मध्ये फोर्डने गाशा गुंडाळला तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. 1964 पासून काम करणारी फेडरेशन ऑफ ऑटोमोबाइल डीलर्स असोसिएशन्स ही देशव्यापी संघटना डीलरांना संरक्षण देणाऱ्या कायद्याची मागणी करत आली आहे, आणि ती मागणी रास्त आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जुलै 2025 मध्ये टेस्लाने स्वतःचे शोरूम उघडले. त्याला कुणी अडवले नाही, हेही योग्यच झाले. आपला कायदा जेव्हा लिहिला जाईल, तेव्हा डीलरने ज्या कंपनीच्या पाटीखाली पैसा घातला तिच्यावर बंधने घालणारी कलमे त्यात भरपूर असावीत, आणि मिशिगनने गाळलेला शब्द त्यात जागच्या जागी असावा.