लिथियम पॉलिमर विजेरीचे प्रभारण

लिथियम पॉलिमर विजेरी (संक्षेपाने लिपो) हा लिथियम-आयन विजेरीचा एक प्रकार आहे. कमी वजनात अधिक ऊर्जा साठवण्याच्या आणि अल्पावधीत मोठा विद्युतप्रवाह देण्याच्या क्षमतेमुळे छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या रेडिओ-नियंत्रित मोटारींमध्ये ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिचे प्रभारण (चार्जिंग) ठरावीक मर्यादेतच करावे लागते. ती ओलांडल्यास विजेरी फुगते, निकामी होते किंवा पेट घेते.

पार्श्वभूमी आणि रचना

लिथियम-आयन विजेरी १९९१ मध्ये सोनी या जपानी कंपनीने प्रथम बाजारात आणली. या विजेरीच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. लिपो विजेरीचे घट धातूच्या डबीऐवजी मऊ पिशवीसारख्या आवरणात असतात. त्यामुळे वजन घटते, परंतु आघातापासून मिळणारे संरक्षणही कमी होते.

एका घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, तर पूर्ण प्रभारित अवस्थेतील दाब ४.२ व्होल्ट असतो. वापरताना तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. विजेरीवरील '२एस' ही खूण दोन घट एकसर जोडल्याचे दर्शवते. अशा विजेरीचा सरासरी दाब ७.४ व्होल्ट आणि कमाल दाब ८.४ व्होल्ट असतो.

प्रभारणाची पद्धत

प्रभारण दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात प्रवाह स्थिर ठेवला जातो व दाब वाढत जातो. प्रत्येक घट ४.२ व्होल्टला पोहोचल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात दाब स्थिर राहतो व प्रवाह हळूहळू घटतो. प्रवाह अगदी अल्प झाला की प्रभारक (चार्जर) थांबतो.

प्रवाहाचे मान विजेरीच्या क्षमतेवरून ठरते. क्षमतेइतक्या प्रवाहास '१सी' म्हणतात. ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या विजेरीसाठी १सी म्हणजे ५ अँपिअर होय. उत्पादकाने अधिक मान नमूद केले नसल्यास १सी ही सुरक्षित मर्यादा मानतात. आवरणावर ठळकपणे छापलेला मोठा 'सी' आकडा बहुधा विजेरीतून प्रवाह घेण्याची मर्यादा सांगतो. तो प्रभारणासाठी वापरू नये.

घटांचे संतुलन

एकसर जोडलेले घट कालांतराने असमान होतात. एकूण दाब ८.४ व्होल्ट असला, तरी एक घट ४.१ आणि दुसरा ४.३ व्होल्टवर असू शकतो. त्यांपैकी दुसरा घट धोक्यात असतो, परंतु केवळ एकूण दाब मोजणाऱ्या यंत्रास ते कळत नाही. म्हणून विजेरीला मुख्य तारांखेरीज संतुलनाची वेगळी जोडणी असते. २एस विजेरीत तिच्या तीन तारा असतात. संतुलन प्रभारक या तारांद्वारे प्रत्येक घट स्वतंत्रपणे तपासतो.

निकेल-धातू हायड्राइड विजेरीचा प्रभारक लिपोसाठी वापरू नये. तो दाबात होणारी किंचित घट ओळखून थांबतो. लिपोमध्ये अशी घट होत नसल्याने प्रभारण मर्यादेपलीकडे चालू राहते.

धोके आणि दक्षता

अतिप्रभारणामुळे आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार होतो व विजेरी फुगते. उष्णता अनियंत्रित वाढल्यास ज्वलनशील आणि विषारी वायू बाहेर पडतात. फुगलेली, दबलेली किंवा भोक पडलेली विजेरी पुन्हा प्रभारित करू नये.

प्रभारण ०° ते ४५° सेल्सिअस या मर्यादेत करतात. गोठणबिंदूखाली ऋणाग्रावर लिथियम धातूचा थर साचून अंतर्गत लघुमंडलाचा (शॉर्ट सर्किटचा) धोका उद्भवतो. महाराष्ट्रात थंडीपेक्षा उष्णतेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. विदर्भात उन्हाळ्यात हवेचेच तापमान या मर्यादेजवळ जाते. कोल्हापूरसारख्या तुलनेने सौम्य हवामानाच्या भागातही उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ते बरेच वाढते. मोटार चालवल्यानंतर गरम झालेली विजेरी थंड होऊ देऊन मगच प्रभारणास लावावी.

प्रभारण न जळणाऱ्या पृष्ठभागावर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर व देखरेखीखाली करावे. रात्री झोपताना विजेरी प्रभारकास लावून ठेवू नये.

साठवण आणि विल्हेवाट

काही दिवस वापर होणार नसल्यास प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवतात. पूर्ण प्रभारित अवस्थेत दीर्घकाळ ठेवल्यास क्षमता लवकर घटते. निकामी विजेरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या विजेऱ्या घरगुती कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन अथवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे सोपवणे अपेक्षित आहे.