ओसाड माळ, दूध पिणारी धामण आणि सूड घेणारी वानरं

केजहून धारूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना कापूस-सोयाबीनची रानं आणि पलीकडे बालाघाटाचे मुरमाड उतार दिसतात. या मुलखातली झाडं, जनावरं, पाखरं आणि किडे एकमेकांच्या आधारानं जगतात, एकमेकांना खाऊनही जगतात. त्यांच्याबद्दलच्या काही समजुती मात्र पिढ्यान् पिढ्या तशाच चालत आल्या आहेत, तर काही अगदी अलीकडच्या आहेत.

गैरसमज : माळ म्हणजे ओसाड जमीन. झाडं लावली की तिथं निसर्ग येतो.

वस्तुस्थिती : बीड जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. इतक्या पावसात उथळ, मुरमाड जमिनीवर गवतच तग धरतं. कुसळी, पवन्या, मारवेल यांच्या मुळ्या माती धरून ठेवतात. गवतावर टोळ, उंदीर, ससे आणि काळवीट जगतात; त्यांच्यावर खोकड, लांडगे आणि शिकारी पक्षी.

टिटवीचंच बघा. ती झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवरच्या खळग्यात, खड्यांमध्ये ती बहुधा चार अंडी घालते. मातकट रंग आणि वर काळे ठिपके, त्यामुळे दोन पावलांवरूनही ती चटकन ओळखू येत नाहीत. ऊन तापलं की टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तिथं दाट झाडी उभी केली, तर अंडी पळवणाऱ्या कावळ्याला टेहळणीची जागा आयती मिळते. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, ते याच गवताळ माळाच्या भरवशावर.

माळ खरोखर उघडा पडतो तो अतिचराईनं. अशा ठिकाणी काही काळ चराई थांबवली तरी गवत परत येतं.

गैरसमज : वेडी बाभूळ का होईना, हिरवं ते चांगलंच.

वस्तुस्थिती : वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. शेळ्या तिच्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी दूरवर पोचतं. तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. चुलीला जळण मिळतं हे खरं, पण तिच्या दाटीखाली गवत फारसं टिकत नाही. गवत गेलं की त्यावर जगणारी सगळी उतरंडच हलते.

गैरसमज : धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते.

वस्तुस्थिती : सापाचे दात मागे वळलेले असतात आणि त्याला दूध चोखता येत नाही. असे दात सडाला लागले तर म्हैस उभी राहील का? धामण गोठ्याजवळ येते ती उंदरांसाठी. ती बिनविषारी आहे आणि कणगीतल्या धान्याची राखण फुकटात करते. तिला काठीनं मारणं म्हणजे उंदरांना रान मोकळं करून देणं. उंदीर खाणाऱ्या गव्हाणी घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलणाऱ्यांचंही असंच नुकसान होतं.

गैरसमज : वानरांनी कुत्र्यांचा सूड घेतला.

वस्तुस्थिती : डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव देशभरच्या बातम्यांत आलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून उंचावर नेत होती आणि त्यात पिल्लं मरत होती. वनविभागानं दोन वानरं पकडून दूर सोडली. बातम्यांत शेकड्यांचे आकडे आणि सुडाची कहाणी रंगली, पण सुडाचा पुरावा कुणी दिला नाही. उंचावर नेलेलं पिल्लू पडून किंवा उपासमारीनंही मरतं. त्यासाठी वानराच्या मनात वैर असावं लागत नाही.

गैरसमज : जालीम औषध फवारलं की कीड संपते.

वस्तुस्थिती : बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेला बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये. सुरुवातीला बोंडअळी हटली. पण बीटीतल्या विषाला पुरून उरलेल्या थोड्या अळ्यांचीच पुढं पिल्लावळ वाढली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातल्या कापसाची दाणादाण उडवली.

ही अळी फुलात शिरली की पाकळ्या मिटूनच राहतात. अशा मिटलेल्या फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. पुढं अळी बोंडात जाते, तिनं पाडलेलं छिद्र बुजतं आणि वरचा फवारा आत पोचत नाही. उलट अळीची अंडी नासवणारी ट्रायकोग्रामा माशी आणि मावा खाणारे ढालकिडे त्याच फवाऱ्यात मरतात. बीटीच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याची पुडी यायची, ती अळ्यांचा हा प्रतिकार रोखण्यासाठीच. त्या ओळींवर विषाला बळी पडणारे पतंग जगावेत आणि त्यांच्या संकरातून प्रतिकारशक्ती पातळ व्हावी, हा हेतू. अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही.

गुलाबी बोंडअळीचं मुख्य खाद्य कापूसच, त्यामुळे तिला उपाशी ठेवणं शेतकऱ्याच्या हातात आहे. डिसेंबरअखेर पीक काढा, फरदड (वेचणीनंतरही कापूस रानात ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्यांची गंजी बांधावर रचून ठेवू नका आणि पुढच्या हंगामात पतंगांना गंधानं ओढणारे कामगंध सापळे वेळेवर लावा.